जबड्यातली गाठ आणि रुग्णालयाची नोंदवही

१. गाठ म्हणजे कॅन्सर का?

गाल जरा सुजल्यासारखा वाटतो, दुखत मात्र नाही. दाताचे डॉक्टर एक्स-रे काढतात, तो उजेडाकडे धरून बघतात आणि म्हणतात, "आत हाडात गाठ दिसतेय." त्यानंतर समोरचा माणूस जो प्रश्न विचारतो, तो सगळीकडे सारखाच असतो. कॅन्सर आहे का?

बहुतेक वेळा नसतो. जबड्याच्या हाडाच्या आत सुरू होणाऱ्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. हे वाक्य धीर देणारं आहे आणि खरंही आहे, पण त्यातला 'हाडाच्या आत सुरू होणाऱ्या' हा भाग नीट वाचायला हवा. आपल्याकडे तंबाखू, चुना आणि गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग गालाच्या आतल्या अस्तरावर किंवा हिरडीवर सुरू होतो आणि नंतर बाहेरून हाडात शिरतो. तो वेगळा आजार आहे, त्याची सुरुवात बहुधा न भरणाऱ्या जखमेने किंवा पांढऱ्या-लाल चट्ट्याने होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू खाणारी तोंडं अजून आपल्या आजूबाजूलाच आहेत. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दाखवायला उशीर करू नये. या प्रकरणाचा विषय मात्र दुसरा आहे: ज्या गाठींचं मूळ हाडाच्या आतच असतं, त्या गाठी.

त्यांचे दोन मोठे गट पडतात. एक सिस्ट, म्हणजे आतून पेशींचं अस्तर असलेली आणि द्रवाने भरलेली पोकळी. दुसरा ट्यूमर, म्हणजे पेशी स्वतःच वाढत जाऊन तयार झालेला गोळा. ट्यूमर साधा असतो किंवा कर्करोगाचा. साधा ट्यूमर शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाही. पण जबड्यात 'साधा' म्हणजे निरुपद्रवी असं समजू नये. काही साधे ट्यूमर अर्धा जबडा पोखरून टाकतात.

२. याच हाडात इतक्या गाठी का?

मांडीचं हाड कितीतरी मोठं आहे, पण अस्तर असलेली सिस्ट त्यात सहसा होत नाही. जबड्यात मात्र शरीरातल्या इतर कुठल्याही हाडापेक्षा अधिक सिस्ट होतात. याचं कारण दात.

बाळ आईच्या पोटात असताना, साधारण सहाव्या आठवड्यात, तोंडाच्या अस्तरातून पेशींची एक पट्टी खाली जबड्यात उतरते. तिच्यावर जागोजागी दातांचे कोंब फुटतात. प्रत्येक कोंबाच्या पेशींना ठरलेली कामं असतात: काहींनी इनॅमल घडवायचं, काहींनी मुळाचा आकार आखून द्यायचा. दात तयार झाला की यांतल्या बहुतेक पेशी नाहीशा होतात. सगळ्या मात्र होत नाहीत. त्यांचे बारीक पुंजके हिरडीत, मुळांभोवती आणि हाडात आयुष्यभर पडून राहतात. मुळांभोवतीच्या पुंजक्यांचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी १८८० च्या दशकात केलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

हे पुंजके तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या जबड्यात आहेत. त्यांचा काही त्रास नसतो. क्वचित एखादा पुंजका जागा होतो आणि पुन्हा वाढायला लागतो. कुठला पुंजका जागा झाला आणि कशामुळे, यावर गाठीचा प्रकार ठरतो. पुढचं सगळं समजायला एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरेल.

३. तीन सिस्ट

सगळ्यात जास्त आढळते ती मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी सिस्ट. बहुतेक अभ्यासांत जबड्यातल्या सिस्टपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. दात किडतो किंवा लहानपणी पडून दाताला मार बसतो. आतली नस मरते. मेलेल्या नसेतला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात झिरपतो, तिथे दाह सुरू होतो आणि त्या दाहाने मालासेंचे पुंजके जागे होतात. पेशी वाढून त्यांचा गोळा होतो, गोळ्याच्या मधल्या पेशींपर्यंत पोषण पोचत नाही, त्या मरतात आणि मध्ये पोकळी तयार होते.

मग ती पोकळी मोठी कशी होते? मनुका पाण्यात भिजत घातल्या की फुगतात. आत साखर दाट असते, साल पाणी आत येऊ देते पण साखर बाहेर जाऊ देत नाही. सिस्टमध्ये मेलेल्या पेशींचे घटक दाट होत जातात, अस्तरातून पाणी आत ओढलं जातं, दाब वाढतो आणि भोवतालचं हाड हळूहळू विरघळून मागे सरतं. दुखत नाही, कारण सगळं फार सावकाश चालतं. दुखायला लागतं ते आत पू झाल्यावर.

या सिस्टची एक अट आहे: ज्या दाताच्या मुळाशी ती असते तो दात मेलेला असतो. म्हणून दात जिवंत आहे की नाही हे थंड लावून किंवा सूक्ष्म विद्युतप्रवाह देऊन बघण्याची साधी चाचणी इथे फार मोलाची ठरते. मुळाशी काळी पोकळी दिसतेय आणि दात मात्र व्यवस्थित जिवंत आहे, असं असेल तर ही सिस्ट ती नव्हे. दुसरं काहीतरी शोधायला हवं. हाताशी असलेली इतकी स्वस्त चाचणी घाईत राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी सिस्ट न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती होते. हाडात अडकलेल्या दाताच्या डोक्यावर एक पातळ पिशवी असते. दात वर आला की ती जाते. दात अडकून राहिला तर कधी कधी तिच्यात पाणी साचत जातं. त्यामुळे ही सिस्ट तिथेच जास्त सापडते, जिथे दात जास्त अडकतात: खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा. साधारण पाच-सहा सिस्टमधली एक या प्रकारची असते.

तिसरी केराटोसिस्ट. दहातली एक म्हणता येईल, पण डॉक्टरांना सगळ्यात जास्त त्रास हीच देते. तिचं अस्तर पातळ आणि सहज फाटणारं असतं, काढताना तुकडे मागे राहतात, आणि मुख्य अस्तराच्या बाहेर हाडात तिच्या छोट्या पिल्लू-सिस्टही दडलेल्या असू शकतात. शिवाय ती हाड बाहेर फुगवण्याआधी आतल्या आत लांब पसरत जाते, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसेपर्यंत दाढेपासून कानाखालच्या कोपऱ्यापर्यंत हाड पोकळ झालेलं असतं. काढल्यानंतर ती परत येऊ शकते, कधी पाच वर्षांत, कधी त्याहून उशिरा. एकाच माणसाला अशा अनेक सिस्ट झाल्या तर गॉर्लिन-गोल्ट्झ नावाचा आनुवंशिक आजार आहे का हे बघावं लागतं. त्यात पुढे त्वचेचे कर्करोग होऊ शकतात. म्हणजे त्या रुग्णात पहिली सूचना जबडा देतो.

४. इनॅमल न बनवणाऱ्या पेशी, आणि दातच दात बनवणाऱ्या

ट्यूमरमध्ये दोन नावं पुन्हा पुन्हा येतात.

पहिलं अमेलोब्लास्टोमा. इनॅमल घडवणाऱ्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा हा ट्यूमर आहे, पण त्या इनॅमल बनवत नाहीत, फक्त वाढत राहतात. १८२७ मध्ये डब्लिनचे सर्जन कुसॅक यांनी खालचा जबडा कापून काढण्याच्या शस्त्रक्रियांचा अहवाल तिथल्या रुग्णालयीन अहवालांत छापला. या ट्यूमरची पहिली नोंद म्हणून त्याचाच उल्लेख होतो. आजचं नाव १९३० मधलं आहे. पाचातले चार अमेलोब्लास्टोमा खालच्या जबड्यात होतात, बहुतेक दाढांच्या मागच्या भागात, आणि रुग्ण बऱ्याचदा तिशी-चाळिशीतला असतो. एक्स-रेमध्ये साबणाच्या फेसासारखे एकाला एक चिकटलेले काळे कप्पे दिसतात. तो इतरत्र क्वचितच पसरतो, पण भोवतालच्या हाडाच्या जाळीत शिरत जातो. नुसता खरवडून काढला तर परत येण्याचा धोका मोठा असतो. म्हणून गाठीभोवतीचं एक-दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढावं लागतं, आणि गाठ मोठी असेल तर जबड्याचा तुकडाच. अलीकडे पायातलं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसह, तिथे बसवून जबडा पुन्हा उभा करता येतो.

दुसरं ओडोंटोमा. याच्या पेशींचं वागणं अगदी उलट. त्या इनॅमल आणि दाताचे बाकीचे थर बनवतात, फक्त त्यांची मांडणी चुकते. कधी वेडावाकडा कठीण गोळा होतो, कधी दाण्याएवढ्या छोट्या छोट्या दातांचा पुंजका. बहुतेक ओडोंटोमा लहान असतात, वाढ आपोआप थांबते आणि त्रास एवढाच की त्यांच्यामुळे एखादा पक्का दात वाटेत अडकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात पडत नाही, पक्का येत नाही, म्हणून एक्स-रे काढला जातो आणि तो सापडतो. २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विदर्भातल्या एका किशोरवयीन मुलाच्या जबड्यातून २३२ दातांसारखे तुकडे काढले गेले. २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून निघाले ५२६. दोन्ही बातम्या जगभर गाजल्या. आजार दोन्हीकडे याच जातीचा होता, आकार मात्र नेहमीपेक्षा फार मोठा.

हे दोन ट्यूमर आता शेजारी शेजारी ठेवू. एक गप्प आणि छोटा, एक्स-रे काढला तरच दिसणारा. दुसरा वाढत जाऊन चेहरा बदलणारा, लपवताच येत नाही असा. पुढचे आकडे याच फरकाकडे लक्ष ठेवून वाचायचे आहेत.

५. मिशिगन आणि लागोस

१९७८ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या तज्ज्ञांनी आपल्याकडे तपासलेल्या दातांच्या पेशींच्या ७०६ ट्यूमरची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यात ओडोंटोमा ६७ टक्के होते आणि अमेलोब्लास्टोमा ११ टक्के. २००५ मध्ये नायजेरियात लागोसच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या ३१९ ट्यूमरचा अभ्यास छापून आला. तिथे अमेलोब्लास्टोमाच ६३ टक्के निघाले. चीनमधल्या ७५९ ट्यूमरच्या १९९८ च्या अभ्यासात ते प्रमाण ५९ टक्क्यांच्या जवळ होतं. भारतातल्या दंत महाविद्यालयांच्या अभ्यासांतही अमेलोब्लास्टोमा पहिल्या क्रमांकावर दिसतो.

पहिल्या नजरेला असं वाटतं की अमेरिकेतल्या माणसांना ओडोंटोमा होतो आणि आफ्रिका-आशियातल्या माणसांना अमेलोब्लास्टोमा. वर्षानुवर्षं तसं म्हटलंही गेलं. पण या दोन ठिकाणी लोक रुग्णालयात कोणत्या वाटेने पोचतात ते बघितल्याशिवाय हा निष्कर्ष काढता येत नाही.

एक हिशेब करून बघू. आकडे मनातले आहेत, रीत खरी आहे. समजा, सारख्याच लोकसंख्येचे दोन जिल्हे आहेत, आणि दोन्हींत दरवर्षी ३० जणांना ओडोंटोमा आणि ६ जणांना अमेलोब्लास्टोमा होतो. आजार अगदी सारखा.

पहिल्या जिल्ह्यात शाळकरी मुलांचे दात वाकडे असले की तारा लावतात, आणि त्याआधी सगळ्या जबड्याचा एक्स-रे, ज्याला आपण ओपीजी म्हणतो, तो काढतात. तिथे ३० पैकी २४ ओडोंटोमा सापडतात. अमेलोब्लास्टोमाचे सहाही रुग्ण येतात. नोंदवहीत एकूण ३०, त्यात ओडोंटोमा ८० टक्के आणि अमेलोब्लास्टोमा २० टक्के.

दुसऱ्या जिल्ह्यात एक्स-रे निघतो तो सूज आली तरच. ३० ओडोंटोमांपैकी दोनच, एक फार मोठा झालेला आणि एक पू झालेला, रुग्णालयात पोचतात. अमेलोब्लास्टोमाचे सहाही जण येतात, कारण चेहराच वाकडा झालेला असतो. नोंदवहीत एकूण ८, त्यात अमेलोब्लास्टोमा ७५ टक्के.

लोक सारखे, आजार सारखा, आणि दोन्ही नोंदवह्या प्रामाणिक. तरीही चित्र उलटंपालटं. रुग्णालयाच्या आकड्यात आजार असतो आणि त्याला चिकटून रुग्णालयापर्यंतची वाटही असते. ही वाट पैशांची असते, अंतराची असते, जवळपास ओपीजीचं मशीन असण्याची असते. आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' या घरोघरच्या समजुतीचीही असते. तालुक्याच्या गावात दात दुखला तर तो काढून घेतला जातो. न दुखणारी सूज दुसऱ्या हंगामावर, तिसऱ्या हंगामावर ढकलली जाते.

नोंदवहीत शिरताना आणखी एक गाळणी लागते. बहुतेक अभ्यास प्रयोगशाळेत तपासायला आलेल्या तुकड्यांवर उभे असतात. किडलेला दात काढताना मुळाला लटकून आलेली छोटी सिस्ट अनेकदा प्रयोगशाळेत पाठवलीच जात नाही. रूट कॅनाल केल्यावर भरून आलेली तर कुणाच्याच हातात पडत नाही. म्हणजे मेलेल्या दाताची सिस्ट कागदावर पहिली आहेच, प्रत्यक्षात ती त्याहूनही पुढे असणार.

६. पण सगळा दोष वाटेचा नाही

इथे थांबलो तर उलट्या बाजूने चूक होईल. 'सगळे फरक नुसते नोंदीचे' असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते तपासायला हवं. त्यासाठी टक्केवारी सोडून दर मोजावा लागतो, म्हणजे इतक्या लोकसंख्येत दरवर्षी किती नवे रुग्ण. टक्केवारीत एक आजार कमी सापडला की दुसरा आपोआप फुगतो. दरात तसं होत नाही.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या परिसरात, विटवॉटर्सरँडला, असा अभ्यास झाला आणि १९७८ मध्येच प्रसिद्ध झाला. वयोमानातला फरक हिशेबात घेऊन काढलेला अमेलोब्लास्टोमाचा दर, दर दहा लाखांमागे दरसाल असा निघाला: कृष्णवर्णीय पुरुष १.९६, कृष्णवर्णीय स्त्रिया १.२०, गोरे पुरुष ०.१८, गोऱ्या स्त्रिया ०.४४.

हे आकडे त्या काळाच्या संदर्भात वाचायला हवेत. वर्णभेदाच्या राजवटीत चांगली रुग्णालयं गोऱ्यांसाठी होती. रुग्ण नोंदीबाहेर राहिले असतील तर ते कृष्णवर्णीयांमध्ये अधिक राहिले असणार. तरीही पुरुषांमधला दर दहापटीहून मोठा निघाला. वाटेची अडचण इथे फरक लहान करून दाखवत होती. म्हणजे अमेलोब्लास्टोमाच्या बाबतीत लोकसमूहांमध्ये खरोखरच काही फरक आहे. त्याचबरोबर मूळ आकडाही बघा: सगळ्यात जास्त दरसुद्धा दहा लाखांत दोनाच्या आत आहे. मोठ्या रुग्णालयात रांगेने दिसणारा हा आजार प्रत्यक्षात दुर्मीळ आहे. चार-पाच जिल्ह्यांचे रुग्ण एकाच इमारतीत गोळा होतात, म्हणून तो तिथे वारंवार भेटतो.

७. नाव बदललं की आकडे बदलतात

केराटोसिस्टला १९५६ मध्ये नाव मिळालं ते सिस्ट म्हणून. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला ट्यूमरच्या यादीत नेलं, कारण ती परत परत येते आणि तिच्या पेशींत ट्यूमरसारखे जनुकीय बदल सापडले होते. २०१७ मध्ये तिला पुन्हा सिस्टच्या यादीत आणलं.

समजा, एका रुग्णालयात ६० ट्यूमर आहेत, त्यांत ३६ अमेलोब्लास्टोमा, आणि वेगळ्या पानावर ४० केराटोसिस्ट. जुन्या यादीप्रमाणे अमेलोब्लास्टोमा ६० टक्के. नव्या यादीप्रमाणे ट्यूमर झाले १००, अमेलोब्लास्टोमा ३६ टक्क्यांवर, आणि केराटोसिस्ट ४० टक्क्यांसह पहिली! एकाही रुग्णाच्या जबड्यात काही बदललं नाही. त्यामुळे २००५ ते २०१७ या काळातले अभ्यास वाचताना आधी यादी कुठली वापरलीय ते बघावं आणि मगच तुलना करावी.

८. मुलागोच्या वॉर्डातून नकाशापर्यंत

रुग्णालयाच्या नोंदी इतक्या फसव्या असतील तर त्यांचा उपयोग काय? याचं उत्तर युगांडात मिळतं, आणि जबड्याच्या आजारांच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

डेनिस बर्किट हे आयर्लंडचे सर्जन. लहानपणी अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला. १९५७ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात त्यांना पाचेक वर्षांचा एक मुलगा दाखवला गेला. त्याच्या जबड्याचे चारही भाग, वर-खाली, डावे-उजवे, सुजलेले होते आणि दात हलत होते. चार ठिकाणी एकदम गाठ? संसर्ग असा वागत नाही, नेहमीचा ट्यूमरही नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी जिंजाच्या रुग्णालयात त्यांना तसाच चेहरा दुसऱ्या मुलाचा दिसला, आणि त्या मुलाच्या पोटातही गाठी होत्या.

बर्किट परत आले आणि त्यांनी मुलांच्या जुन्या नोंदी काढून वाचायला घेतल्या. जबड्याचा ट्यूमर एका पानावर, पोटाचा दुसऱ्या पानावर, मूत्रपिंडाचा तिसऱ्या, असे विखुरलेले मुलांचे आजार एकच असावेत हे त्यांच्या लक्षात आलं. १९५८ मध्ये त्यांनी ३८ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे कळलं की हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा आहे. आज त्याला बर्किट लिम्फोमा म्हणतात.

मग त्यांनी छायाचित्रं छापलेली पत्रकं आफ्रिकेतल्या रुग्णालयांना पाठवली: असं मूल तुम्ही पाहिलंय का? १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर जुन्या फोर्ड गाडीतून ते स्वतः निघाले. दहा आठवडे, सुमारे दहा हजार मैल, पन्नासहून अधिक रुग्णालयं. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच. 'नाही, इथे असं दिसत नाही' हे उत्तरही ते तितक्याच काळजीने लिहून घेत. नकाशावर खुणा केल्यावर दिसलं की विषुववृत्ताजवळ साधारण दीड हजार मीटर उंचीच्या वर हा आजार नाही, आणि दक्षिणेकडे जावं तशी ही उंचीची मर्यादा खाली येते. याचा अर्थ संबंध थेट उंचीशी नसून उष्णतेशी, आणि पावसाशीही. उष्ण आणि ओल्या प्रदेशात वर्षभर काय असतं? डास, आणि मलेरिया.

लंडनमध्ये १९६१ मध्ये बर्किट यांचं व्याख्यान ऐकून विषाणूंवर काम करणारे अँथनी एपस्टाइन या गाठींच्या मागे लागले. त्यांनी, यव्होन बार आणि बर्ट अचाँग यांनी १९६४ मध्ये त्या गाठीतल्या पेशींमध्ये एक विषाणू दाखवून दिला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. एपस्टाइन-बार विषाणू जगभर बहुतेकांना होतोच; जिथे लहान मुलांना सतत मलेरिया होत राहतो तिथे मात्र तो असा उलटतो. आणखी एक गोष्ट अशी की हा कर्करोग औषधांना चटकन दाद देतो. १९६० च्या दशकातच, फार साधनं नसताना, औषधांच्या थोड्या मात्रांनी मुलांच्या प्रचंड गाठी विरघळताना डॉक्टरांनी पाहिल्या.

आता आपल्या वाटेच्या प्रश्नाकडे या. बर्किट यांचा नकाशा का टिकला? माझ्या मते दोन कारणांनी. त्यांनी तुलना केली ती साधारण सारखीच साधनं असलेल्या रुग्णालयांची. तिथली वाट सगळीकडे जवळपास तितकीच खडतर होती, त्यामुळे उरलेला फरक आजाराचाच असण्याची शक्यता मोठी होती. आणि त्यांनी निवडलेलं लक्षण असं होतं की ते पाहिलेला डॉक्टर विसरणार नाही.

९. केस पेपरवरचे प्रश्न

नोंदवह्यांतून मिळालेल्या या नमुन्यांचा रोजचा उपयोग म्हणजे अंदाज बांधणं. दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत डॉक्टर वय विचारतात, सूज कुठे आणि कधीपासून आहे ते विचारतात, दात मोजतात, दात जिवंत आहे का ते बघतात, खालचा ओठ बधिर झालाय का ते विचारतात. प्रत्येक उत्तराने यादी लहान होते.

सोळा वर्षांची मुलगी, वरच्या जबड्यात पुढे सूज, आणि त्या बाजूचा सुळा आलेलाच नाही. इथे एका ट्यूमरचा संशय येतो, ज्याची ओळख विद्यार्थी 'दोन-तृतीयांश' या सूत्रात पाठ करतात: त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश गाठी वरच्या जबड्यात, दोन-तृतीयांश रुग्ण मुली, दोन-तृतीयांश गाठींत अडकलेला दात, आणि त्या अडकलेल्या दातांत दोन-तृतीयांश सुळे. याचं लांबलचक नाव लक्षात नाही राहिलं तरी हरकत नाही. तो सहज सुटून येतो आणि सहसा परत येत नाही, हे महत्त्वाचं. त्याच मुलीच्या एक्स-रेमध्ये न उगवलेल्या दाताची सिस्टही अशीच दिसू शकते. पस्तिशीच्या माणसाला खाली दाढेमागे सूज असेल, दात जिवंत असतील, तर अमेलोब्लास्टोमा आणि केराटोसिस्ट यादीत वर येतात. चाळिशीच्या बाईचा पुढचा दात लहानपणीच्या माराने काळा पडलेला असेल आणि त्याच्या मुळाशी गोल पोकळी असेल, तर मेलेल्या दाताची सिस्ट. तरुण बाईच्या जबड्यात एका विशिष्ट प्रकारच्या मोठ्या पेशींची गाठ निघाली, तर रक्तातलं कॅल्शियम तपासतात, कारण गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या बिघाडातही जबड्यात तशीच गाठ होते, आणि तेव्हा खरा इलाज गळ्याचा असतो.

सूज झपाट्याने वाढणं, ओठ बधिर होणं, हिरड्या चांगल्या असताना दात हलणं, दात काढलेली जागा आठवडे गेले तरी न भरणं: यांतलं काहीही असेल तर यादी बाजूला ठेवून तातडीने बायॉप्सी करतात, कारण कर्करोगाच्या खुणा याच आहेत. अंदाज कितीही पक्का वाटला तरी निकाल बायॉप्सीचाच. एक्स-रेमध्ये सिस्टसारखा दिसणारा कप्पा अमेलोब्लास्टोमाचा निघू शकतो, विशेषतः विशीच्या आतल्या मुलांमध्ये.

उपचारांत केराटोसिस्टची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोठी सिस्ट एकदम काढायची तर जबडा मोडण्याची आणि ओठाची नस दुखावण्याची भीती असते. म्हणून तिला तोंडात उघडणारी एक खिडकी करतात. सर्जन पार्त्श यांनी १८९२ मध्ये सुचवलेला हा मार्ग अजून वापरात आहे. आतला दाब गेला की पोकळी काही महिन्यांत आकसते, हाड भरत येतं, आणि मग राहिलेली छोटी सिस्ट काढता येते. अमेलोब्लास्टोमाच्या बाबतीत २०१४ मध्ये बऱ्याच गाठींत ब्रॅफ नावाच्या जनुकाचा एकच ठरावीक बदल सापडला. त्या बदलावर चालणारी औषधं त्वचेच्या एका कर्करोगासाठी आधीच होती. ती देऊन काही रुग्णांच्या गाठी लहान झाल्या आहेत. शस्त्रक्रियेची जागा औषधाने घेतली असं अजून म्हणता येणार नाही. पण जबडा कमी कापावा लागेल ही आशा मात्र खरी आहे.

शस्त्रक्रिया झाल्यावर नोंदवहीत पुन्हा एक भोक पडतं. जखम भरते, माणूस कामाला लागतो, तपासणीला येणं थांबतं. गाठ परत येण्याचं पुस्तकात छापलेलं प्रमाण असतं ते येत राहिलेल्या रुग्णांचं. केराटोसिस्ट दहा वर्षांनीही परत येऊ शकते, आणि तोपर्यंत गाव, डॉक्टर, फोन नंबर सगळं बदललेलं असतं. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा ओपीजी, बायॉप्सीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड घरच्या कागदपत्रांत रेशन कार्डाशेजारी ठेवावं, आणि पहिली पाच वर्षं दरवर्षी व त्यानंतरही डॉक्टर सांगतील तसा नवा एक्स-रे जुन्याच्या बाजूला लावून बघायला सांगावं. नव्या एक्स-रेमधला एखादा छोटा काळा ठिपका भरत चाललेल्या हाडाचा आहे की परतलेल्या गाठीचा, हे कळायला जुना एक्स-रे लागतोच.